मेक, लेट, टेल, वाँट, सजेस्ट: माणसानंतर ‘टू’ लावायचा की नाही?

प्रश्न असा आलाय की ‘ही टोल्ड मी टू वेट’ बरोबर आहे तर ‘ही मेड मी टू वेट’ चूक कसं, आणि ते चूक असेल तर ‘आय वॉज मेड टू वेट’ मध्ये तोच टू परत कुठून आला, आणि ‘ही सजेस्टेड मी टू वेट’ लिहिलं की प्रत्येक वेळी खाली लाल रेघ का येते. शिवाय शेवटी विचारलंय की ह्याची नुसती लिस्ट पाठ करायची का काही लॉजिक पण आहे. थोडं लॉजिक आहे, थोडं पाठांतर आहे, आणि घोटाळ्याचं खरं मूळ इंग्रजीत कमी आणि आपल्या मराठीच्या सवयीत जास्त आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

मराठीत बघा. त्याने मला थांबायला सांगितलं. थांबायला लावलं. थांबायला सुचवलं. थांबायला मदत केली. थांबायला भाग पाडलं. सगळीकडे ‘थांबायला’ हे एकच रूप, शेवटचं क्रियापद काहीही येवो. त्यामुळे आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसतं की ‘-आयला’ म्हणजे ‘टू’, आणि ते समीकरण इतक्या वेळा बरोबर निघतं (टोल्ड मी टू, हेल्प्ड मी टू, फोर्स्ड मी टू) की जिथे ते चुकतं तिथे आपल्याला शंकासुद्धा येत नाही. इंग्रजीने मात्र हाच माल तीन कप्प्यांत टाकलाय. एका कप्प्यात माणसानंतर टू येतो, ‘टोल्ड मी टू वेट’. दुसऱ्यात टू नाही, नुसतं मूळ रूप, ‘मेड मी वेट’. आणि तिसऱ्या कप्प्यातली क्रियापदं ही रचनाच घेत नाहीत, म्हणजे माणूस आणि मग त्याने करायची क्रिया असं त्यांच्यापुढे ठेवताच येत नाही, सजेस्ट तिथलं आहे. कुठलं क्रियापद कुठल्या कप्प्यात हे ते क्रियापद ठरवतं, मराठी वाक्य ठरवत नाही. एवढं एकदा मनापासून मान्य केलं ना, की निम्मी भांडणं संपतात.

आधी दुसरा कप्पा घेऊ कारण तो अगदी छोटा आहे. मेक, लेट, हॅव ही तीन, आणि डोळ्या-कानांची क्रियापदं म्हणजे सी, हिअर, वॉच, फील, नोटीस वगैरे. हेल्प दोन्हीकडे चालतं, ‘शी हेल्प्ड मी कॅरी द बॅग’ पण बरोबर आणि ‘हेल्प्ड मी टू कॅरी’ पण बरोबर, अमेरिकन इंग्रजीत टू नसलेलं जास्त ऐकू येतं, त्यात अर्थाचा फरक शोधत बसू नका. बस्स, रोजच्या वापरातला कप्पा इथे संपला. म्हणजे पाठ करायचीच असेल तर ही लिस्ट पाठ करा, ‘टू’ लागणाऱ्या क्रियापदांची नको, ती संपायचीच नाही: टेल, आस्क, ऑर्डर, अ‍ॅडव्हाइज, अलाऊ, परमिट, फोर्स, पर्स्वेड, एन्करेज, रिमाइंड, इन्व्हाइट, टीच, वॉर्न, एक्स्पेक्ट, वाँट, नीड, एनेबल, कॉज, गेट... अजून कितीतरी.

आता लॉजिक. जुन्या इंग्रजीत इन्फिनिटिव्हला, म्हणजे क्रियापदाच्या काळ न चिकटलेल्या रूपाला, स्वतःचा प्रत्यय होता आणि ‘टू’ हा साधा दिशा दाखवणारा शब्द होता, ‘च्या कडे’ ह्या अर्थाचा. पुढे प्रत्यय झिजून गेले आणि टू हळूहळू इन्फिनिटिव्हची खूण म्हणून सगळीकडे पसरला, पण काही जुन्या, रोज तोंडात असलेल्या जागा त्याला मिळाल्या नाहीत, कॅन, मस्ट, मे ह्यांच्या पुढची एक आणि मेक, लेट, सी, हिअर ह्यांच्या पुढची दुसरी. त्यातही सगळं सरळ झालेलं नाही, चारेकशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मेक नंतर टू लावलेला सापडतो. त्यामुळे ‘मेड मी टू वेट’ ही काही अक्कलशून्य चूक नाहीये, फक्त आजच्या इंग्रजीत ती चूक आहे.

ह्या दिशेच्या कल्पनेचा लक्षात ठेवायला उपयोग होतो. टेल, आस्क, वाँट, अ‍ॅडव्हाइज ह्यात क्रिया अजून पुढे आहे, कदाचित होईल, कदाचित नाही. ‘आय टोल्ड हिम टू गो, बट ही डिडन्ट गो’ हे वाक्य एकदम ठीक आहे. आता ‘आय मेड हिम गो, बट ही डिडन्ट गो’ म्हणून बघा, वाक्य स्वतःचंच खंडन करतंय, कारण मेड म्हटलं की तो गेलाच. तसंच ‘आय सॉ हिम गो’, तो गेला आणि मी बघितलं, दोन्ही एकाच क्षणी. म्हणजे क्रिया चिकटलेली असेल तर टू नाही, लांब पुढे असेल तर टू. पण हे फक्त आठवणीसाठी धरा, नियम म्हणून नको, कारण फोर्स घेतलं तर ‘दे फोर्स्ड हिम टू गो’ मध्ये सुद्धा तो गेलाच आहे आणि तरी टू आहे. गेट आणि कॉजचं पण तेच. शिकवताना हा अपवाद लपवला जातो आणि मग पोरं फोर्सनंतरचा टू काढून टाकतात.

मराठीबद्दल अजून एक गोष्ट, मला ही फार महत्त्वाची वाटते. लेट साठी आपण ‘मला बोलू दे’, ‘त्याला जाऊ दे’ म्हणतो, तिथे ‘-आयला’ नाही, आणि म्हणूनच ‘लेट मी टू स्पीक’ ही चूक ‘मेड मी टू स्पीक’ पेक्षा खूप कमी दिसते. डोळ्या-कानांच्या क्रियापदांना आपण ‘-ताना’ लावतो, त्याला येताना पाहिलं, तिला गाताना ऐकलं, त्यामुळे मराठी मुलं ‘आय सॉ हिम कमिंग’ बिनचूक लिहितात, पण ‘आय सॉ हिम कम’ कधी लिहीतच नाहीत, आणि वाचलं तर त्यांना ते चुकीचं छापलेलं वाटतं. खरं तर दोन्ही हवीत. ‘आय सॉ हर क्रॉस द रोड’ म्हणजे ह्या बाजूने निघून त्या बाजूला पोचेपर्यंत सगळं पाहिलं. ‘आय सॉ हर क्रॉसिंग द रोड’ म्हणजे मी पाहिलं तेव्हा ती मध्येच कुठेतरी होती, पोचली की नाही हे वाक्य सांगत नाही. ‘सॉ हिम ड्राउन’ आणि ‘सॉ हिम ड्राउनिंग’ मध्ये तर एक माणूस बुडाला आणि दुसरा अजून वाचू शकतो, एवढा फरक आहे. साक्ष, रिपोर्ट, बातमी असं काही लिहिताना हा फरक जपा. क्षणात होणारी क्रिया असेल, दार आपटणं, काच फुटणं, तर सहसा मूळ रूपच येतं, ‘आय हर्ड द डोअर स्लॅम’. तिथे ‘स्लॅमिंग’ म्हटलं तर दार पुन्हा पुन्हा आपटतंय असं ऐकू येतं.

आता पॅसिव्हचा प्रश्न. ‘दे मेड मी वेट’ ह्यात मेड आणि वेट ह्यांच्या मध्ये ‘मी’ बसलाय. पॅसिव्ह करताना तो उठून पुढे जातो, मागे मेड आणि वेट दोन उघडी क्रियापदं शेजारी उरतात, आणि आजच्या इंग्रजीत तिथे टू परत घालावा लागतो: ‘आय वॉज मेड टू वेट’. सी आणि हिअरचं तसंच, ‘ही वॉज सीन टू लीव्ह’, ‘शी वॉज हर्ड टू से’, किंवा आयएनजी ठेवून ‘ही वॉज सीन लीव्हिंग’. हेल्पचं पण पॅसिव्हमध्ये टू पक्का, ‘ही वॉज हेल्प्ड टू स्टँड’. पण लेटचं असं पॅसिव्ह करायला जाऊ नका, ‘आय वॉज लेट टू गो’ असं काही नसतं, तिथे सरळ ‘आय वॉज अलाऊड टू गो’ म्हणायचं. हॅवचं ह्या अर्थाने पॅसिव्ह होत नाही. आणि वाँटचं पण नाही, ‘आय वॉज वाँटेड टू गो’ म्हणजे मी जावं अशी त्यांची इच्छा होती, असं नाही होत. ऑब्जेक्टिव्ह प्रश्नात व्हॉइस बदला म्हणून दिलं की मेक हमखास असतं, त्या एका टू साठीच ते विचारलेलं असतं.

हॅव आणि गेटवर जरा थांबते, कारण ऑफिसच्या इंग्रजीत ह्यांचं काम सगळ्यात जास्त पडतं आणि आपल्याकडे ती सगळ्यात कमी वापरली जातात. ‘मी त्याला तुम्हाला फोन करायला सांगते’ साठी आपण नेहमी ‘आय विल टेल हिम टू कॉल यू’ लिहितो. चूक नाही, पण त्यात फक्त सांगण्याची हमी आहे, फोन येईल ह्याची नाही. ‘आय विल हॅव हिम कॉल यू’ म्हटलं की ते काम त्याच्या कामाचाच भाग आहे, मी सांगितलं की तो करणार, असा भाव येतो. ‘आय विल गेट हिम टू कॉल यू’ मध्ये थोडी खटपट आहे, पटवावं लागेल, मागे लागावं लागेल. ‘आय विल मेक हिम कॉल यू’ म्हणजे त्याची इच्छा असो नसो. ग्राहकाला चुकून हे शेवटचं लिहिलं तर वाचणाऱ्याला ते दमदाटीसारखं वाटतं. आणि बघा, हॅव आणि गेट अर्थाने इतकी जवळ असून हॅवला टू नाही आणि गेटला आहे, इथे लॉजिक शोधू नका, तोंडाने दहा वेळा म्हणा, ‘हॅव हिम डू’, ‘गेट हिम टू डू’, बसेल ते.

ह्याच दोघांचा दुसरा पेच असा की ऑब्जेक्ट माणूस आहे की वस्तू. मी त्याच्याकडून फाइल तपासून घेतली: ‘आय हॅड हिम चेक द फाइल’. आता माणूस सांगायचाच नाहीये, मी फाइल तपासून घेतली: ‘आय हॅड द फाइल चेक्ड’. पहिल्यात ‘हिम’ हा करणारा आहे म्हणून मूळ रूप, दुसऱ्यात फाइल काही करत नाही, तिच्यावर केलं जातं, म्हणून तिसरं रूप. गेटचं तसंच, ‘गॉट हिम टू चेक द फाइल’ पण ‘गॉट द फाइल चेक्ड’. इथे लोक काय करतात, ‘हॅड’ दिसला की त्यांना पास्ट परफेक्ट आठवतो आणि ‘आय हॅड हिम चेक्ड द फाइल’ लिहून मोकळे होतात. स्वतःला एकच प्रश्न विचारा, ऑब्जेक्ट करतोय की त्याच्यावर होतंय? मेकच्या काही ठरलेल्या वाक्यांत पण हे तिसरं रूप येतं, ‘आय कुडन्ट मेक मायसेल्फ हर्ड’, म्हणजे इतका गोंगाट होता की माझा आवाज कुणापर्यंत पोचलाच नाही.

मूळ रूप म्हणजे मूळ रूपच, त्याला काळ चिकटत नाही, एस चिकटत नाही. ‘द न्यूज मेड हर क्राय’, क्राईड नाही. ‘ही लेट्स हिज सन ड्राइव्ह’, ड्राइव्हज नाही. काळ पहिल्या क्रियापदाने दाखवून झालेला असतो. आणि मधला माणूस हिम, हर, देम, मी, अस असाच हवा, ‘आय वाँट ही टू कम’ नाही.

आता तिसरा कप्पा, जिथे सगळ्यात जास्त लाल रेघा पडतात. सजेस्ट, से, एक्सप्लेन, प्रपोज, डिमांड, इन्सिस्ट, होप. ह्यांना माणूस आणि टू अशी रचना जमत नाही. ‘ही सजेस्टेड मी टू वेट’ ऐवजी ‘ही सजेस्टेड दॅट आय वेट’, किंवा ‘दॅट आय शुड वेट’, किंवा माणूस उघड आहे म्हणून नुसतं ‘ही सजेस्टेड वेटिंग’. ‘दॅट’ नंतर पूर्ण वाक्य येतं म्हणून तिथे हिम नाही, ही. आणि थोडं औपचारिक लिहिताना ‘शी सजेस्टेड दॅट ही वेट’ असं चक्क एस किंवा ईडी न लावलेलं रूप येतं, डिमांड, इन्सिस्ट, प्रपोज ह्यांच्या नंतर पण हेच, वाचताना ती छपाईची चूक समजू नका. एक्सप्लेन आणि से ला माणूस जोडायचा तर टू घालून जोडायचा, ‘एक्सप्लेन्ड टू मी हाऊ टू डू इट’, नुसतं ‘एक्सप्लेन्ड मी’ नाही. उलट रिक्वेस्ट आणि ऑर्डर माणूस थेट घेतात, ‘रिक्वेस्टेड मी टू वेट’, तिथे लोक ‘रिक्वेस्टेड टू मी’ करून ठेवतात. आणि अ‍ॅडव्हाइज म्हणजे सल्ला देणं, सजेस्ट म्हणजे सुचवणं, अर्थ सख्खे शेजारी, पण ‘अ‍ॅडव्हाइज्ड मी टू वेट’ बरोबर आणि ‘सजेस्टेड मी टू वेट’ चूक. म्हणूनच म्हणते की अर्थावरून पॅटर्न ओळखायला जाऊ नका.

वाँटचं उलटं होतं. मराठीत ‘माझी इच्छा आहे की तू यावंस’, त्यातल्या ‘की’ मुळे ‘आय वाँट दॅट यू शुड कम’ तयार होतं, मोठमोठ्या लोकांच्या ईमेलमध्ये होतं. ‘आय वाँट यू टू कम’, एवढंच. वाँटला दॅट चालत नाही, होपला माणूस-टू चालत नाही, ‘आय होप यू टू कम’ चूक आणि ‘आय होप दॅट यू कम’ बरोबर. दोघांची अदलाबदल झाली की दोन्ही वाक्यं बिघडतात, त्यामुळे ही जोडी एकत्रच शिकावी.

रोखण्याच्या क्रियापदांना मात्र मराठी मदत करते. ‘त्याला जाण्यापासून रोखलं’ मधलं ‘पासून’ हेच इंग्रजीतलं फ्रॉम: ‘प्रिव्हेंटेड हिम फ्रॉम गोइंग’, ‘स्टॉप्ड हिम फ्रॉम गोइंग’. ‘स्टॉप्ड हिम टू गो’ असं म्हणायचंच नाही. प्रोहिबिटला पण फ्रॉम, फरबिडला साधारण टू, ‘फरबेड हिम टू गो’.

अलाऊ, परमिट, अ‍ॅडव्हाइज ह्यांची एक गंमत आहे की माणूस असेल तर टू, माणूस नसेल तर आयएनजी. ‘दे डोन्ट अलाऊ अस टू पार्क हिअर’ पण ‘दे डोन्ट अलाऊ पार्किंग हिअर’. ‘दे डोन्ट अलाऊ टू पार्क हिअर’ हे कुठेच बसत नाही, आणि पाट्यांवर, सूचनांमध्ये, सोसायटीच्या मेसेजमध्ये हेच सगळ्यात जास्त दिसतं.

आता क्रिया कोण करणार? ‘ही आस्क्ड मी टू लीव्ह’ म्हणजे मी निघायचं, ‘ही आस्क्ड टू लीव्ह’ म्हणजे त्याला स्वतःला निघायचं होतं म्हणून त्याने परवानगी मागितली. एक ‘मी’ गळला आणि निघणारा माणूस बदलला. साधारण नियम असा की मधे माणूस असेल तर टूच्या पुढची क्रिया त्याची. नेहमीच्या वापरात प्रॉमिस हे एकच ह्याच्या उलट जातं, ‘ही प्रॉमिस्ड मी टू कम’ मध्ये येणार तो आहे, मी नाही. ते विचित्र वाटत असेल तर ‘ही प्रॉमिस्ड मी दॅट ही वुड कम’ लिहा, लोक जास्त करून तसंच लिहितात.

नकार आणायचा असेल तर नॉट कुठे बसतो त्यावर अर्थ ठरतो. ‘आय टोल्ड हिम नॉट टू गो’, मी त्याला जाऊ नको म्हटलं. ‘आय डिडन्ट टेल हिम टू गो’, मी त्याला जा म्हटलंच नव्हतं. कागदावर सरळ दिसतं पण घाईत बोलताना आपण ‘आय टोल्ड हिम टू डोन्ट गो’ करतो, कारण मनात ‘जाऊ नको’ हे अवतरणच फिरत असतं. टूच्या पुढे डोन्ट कधीच येत नाही.

हे सगळं शिकायचं कसं, तर क्रियापद एकटं वहीत लिहू नका. ‘पर्स्वेड म्हणजे पटवणे’ ही अर्धी नोंद झाली, ‘पर्स्वेड समबडी टू डू समथिंग’ ही पूर्ण नोंद. लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात, प्रत्येक क्रियापदापुढे हे साचे दिलेले असतात आणि बहुतेक लोक अर्थ बघून पान उलटतात. ही सोय आपोआप आलेली नाही, ए. एस. हॉर्नबी ह्या इंग्रज शिक्षकाने जपानमध्ये शिकवताना नेमकी हीच अडचण बघितली की अर्थ येऊनही मुलांना वाक्य बांधता येत नाही, आणि १९४२ मध्ये तिथे निघालेल्या त्याच्या शब्दकोशात क्रियापदांचे पॅटर्न दाखवलेले होते. डिक्शनरीत ‘समबडी टू डू’ दिसलं तर पहिला कप्पा, ‘समबडी डू’ दिसलं तर दुसरा, आणि नुसतं ‘दॅट’ किंवा ‘डूइंग’ दिसलं तर समजा की इथे माणूस-टू घालायचा नाही.

शेवटचा एक प्रकार, कारण तो ह्याला लागूनच आहे आणि त्यात टू कुणाचा हे कळत नसल्यामुळे गोंधळ होतो. ‘आय लिसन्ड टू हर सिंग’ मधला टू हा लिसनचा स्वतःचा आहे, सिंगचा नाही, सिंग इथे मूळ रूपातच आहे, हिअरच्या घरातलंच वाक्य. ह्याच्या उलट वेट आणि अरेंजला माणसाआधी फॉर लागतो आणि क्रियेआधी टू: ‘आय वेटेड फॉर हिम टू कम’, ‘वुई अरेंज्ड फॉर देम टू स्टे’. ‘वेटेड हिम टू कम’ असं फॉर गाळून चालणार नाही, आणि ‘वेटेड फॉर हिम कम’ असा टू गाळूनही नाही.